‘नवरीवर आई फ्री’ ही ऑफर आधी बंद करा



मेकअपचा व्यवसाय सुरू करायचाय असं सांगणाऱ्या दहा जणींना मी विचारते, "तुमचा ग्राहक कोण?" दहाच्या दहा जणी सांगतात, "नवरी." मग कोर्स नवरीचा, किट नवरीचं, इन्स्टाग्रामवरचे फोटोही नवरीचेच. वाशिंद असो, आसनगाव, शहापूर की मुरबाड, उत्तर एकच.

मला हे उत्तर पटत नाही. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या भागात नव्याने उभ्या राहणाऱ्या मेकअप आर्टिस्टचा पहिला पक्का ग्राहक नवरी नाही. नवरीची आई आहे, वरमाई आहे, आत्या, मावशी, मोठी काकू आहे. पंचेचाळीस ते पासष्ट वयाच्या या बायकांना आपण पॅकेजमध्ये फुकट टाकतो. ‘नवरीच्या मेकअपवर आई फ्री.’ ही ऑफर ज्यांच्या ज्यांच्या बोर्डवर आहे त्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचा.

आधी बाजार बघू. वाशिंदहून लोकलने कल्याण अर्ध्या-पाऊण तासावर. त्यामुळे ज्या घरात नवरीच्या मेकअपला बऱ्यापैकी पैसे आहेत, ते घर कल्याण-डोंबिवलीची आर्टिस्ट बोलावतं. तिचे हजारो फॉलोअर्स, तिची मोठी ट्रॉली बॅग. तुम्ही नुकतीच सुरुवात केली आहे, तिच्याशी तुमची स्पर्धा पहिल्या दोन वर्षांत होणार नाही, उगाच दर पाडून ती करूही नका. पण हॉलवर पुढे काय होतं ते बघा. ती बाई नवरीचा मेकअप करते, फार तर करवलीचा करते, आणि निघते. तिला पुढची ऑर्डर असते. नवरीची आई पहाटेपासून रुखवत, पाहुणे, भटजींचं सामान यात पळत असते. मुहूर्ताला पंधरा मिनिटं उरली की ती खोलीत येते, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर टेकते आणि म्हणते, "मला काय, थोडं पावडर लाव, झालं." मग कुणीतरी नवरीच्याच शेडचं फाउंडेशन तिच्या चेहऱ्यावर फासतं, वरून पावडर थापतं. दुपारपर्यंत तो चेहरा भेगा पडलेल्या भिंतीसारखा दिसतो.

आणि अल्बममध्ये नवरीच्या खालोखाल सर्वांत जास्त फोटो कुणाचे असतात? आईचेच.

एका लग्नात नवरी एक. मोठ्या बायका किमान पाच-सहा. हिशेब मांडू. समजा तुमचा दर माणशी १,५०० रुपये. पाच जणींचे झाले ७,५००. प्रत्येकीला ४० मिनिटं धरा, म्हणजे साधारण सव्वातीन तासांचं काम. मदतीला एखादी मुलगी ठेवलीत, तिला ८०० दिले, माल आणि रिक्षाचे ७०० धरले, तरी ६,००० हातात राहतात. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचा दर तुम्ही काढा. पण ढाचा लक्षात घ्या. यासाठी सात-आठ हजारांची नवरीची ऑर्डर मिळालीच पाहिजे असं नाही. कल्याणची आर्टिस्ट नवरीला करत असताना शेजारच्या खोलीत तुम्ही हे काम करू शकता.

आता खरी अडचण. हे काम नवरीपेक्षा सोपं नाही, अवघड आहे. बावीस वर्षांच्या त्वचेवर चूक खपून जाते, पन्नाशीच्या त्वचेवर ती दहा मिनिटांत वर येते. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजन जवळपास ३० टक्क्यांनी घटतं, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. तेल सुटणं कमी होतं. त्वचा पातळ आणि कोरडी होते, पापणी थोडी खाली येते, ओठांभोवती बारीक रेषा येतात. त्यात आपल्याकडच्या बायकांचं आयुष्य बघा. भाताची लावणी, कापणी, वीटभट्टी, भाजीची पाटी, स्टेशनपर्यंतची पायपीट, सगळं उन्हातलं. गालांवर वांग असतो. चेहरा मानेपेक्षा दोन छटा काळवंडलेला असतो. कपाळावर बरोबर टिकलीच्या जागी पांढरट डाग असतो. हा डाग अनेकदा टिकलीच्या गोंदातल्या रसायनामुळे पडतो, बाईला वाटतं कोड आलं आणि ती मनातल्या मनात घाबरलेली असते. तिला सांगा की एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि तोवर चिकटवायची टिकली बंद करून साधं कुंकू लावा. एवढं ऐकूनच ती तुमची कायमची ग्राहक होते.

अशा चेहऱ्यावर रील्समध्ये बघितलेली तंत्रं चालत नाहीत. डोळ्यांखाली पावडरचा ढीग ठेवून ‘बेकिंग’ करतात ना, ते तरुण, तेलकट त्वचेसाठी आणि कॅमेऱ्याच्या दिव्यांसाठी ठीक आहे. वरमाईच्या डोळ्यांखाली ते करू नका. ‘फुल कव्हरेज मॅट’ लिहिलेली बाटलीही तिच्यासाठी नको. मॅट म्हणजे चमक मारलेला सपाट रंग, आणि कोरड्या चेहऱ्याला सपाट रंग दिला की प्रत्येक रेष उठून दिसते. नॅचरल किंवा सॅटिन फिनिशचं, पातळ, हलकं फाउंडेशन घ्या. डाग पूर्ण झाकायचा हट्ट सोडा. सत्तर टक्के झाकलेला वांग चांगला दिसतो, शंभर टक्के झाकायला गेलात तर मुखवटा दिसतो.

माझ्याकडे शिकून गेलेल्या, आज हे काम चांगलं करणाऱ्या मुलींची पद्धत सांगते.

सुरुवात हळदीपासून. आपल्याकडे हळद म्हणजे नुसता गालाला ठिपका नसतो, आदल्या रात्री आईलाही कोपरापासून कपाळापर्यंत माखतात. सकाळी ती साबणाने घासघासून धुते. परिणाम दोन. त्वचा आणखी कोरडी होते आणि पिवळी झाक तरीही राहते. त्या पिवळ्या गालावर शेड जुळवायला गेलात की फसलात. कापसावर क्लीन्झिंग मिल्क किंवा थोडंसं खोबरेल घेऊन हलक्या हाताने हळद काढा, ओल्या कापसाने पुसा. स्क्रब नको. थ्रेडिंग, ब्लीच, फेशियल तीन-चार दिवस आधी उरकून घ्यायला सांगा. त्याच सकाळी वरच्या ओठाचं थ्रेडिंग केलं तर लाल पुरळ उठते आणि त्यावर फाउंडेशन झोंबतं.

मग मॉइश्चरायझर. सढळ हाताने लावा आणि दहा मिनिटं चेहऱ्याला हात लावू नका. या दहा मिनिटांत केस करा, अंबाडा घाला, गजरा माळा. इथेच नवख्या मुली घाई करतात. ओल्या क्रीमवर फाउंडेशन लावलं की ते सरकतं, गोळे येतात, आणि मग दोष कंपनीला. अंगणातच विधी असतील तर मॉइश्चरायझरनंतर सनस्क्रीन लावा, पण काही सनस्क्रीन आणि पावडरी फ्लॅशच्या फोटोत चेहरा पांढराफटक दाखवतात. घरी स्वतःच्या चेहऱ्यावर लावून अंधाऱ्या खोलीत फ्लॅशने फोटो काढून बघा. फुकटातली टेस्ट आहे, पण फार कमी जणी करतात.

डोळ्यांखालचा काळेपणा आणि वांग यावर सावळ्या-गव्हाळ त्वचेला पीच किंवा नारिंगी करेक्टर लागतो, तोही फक्त डागावर, बोटाने थोपटून. त्यावर अर्धा पंप फाउंडेशन, चेहऱ्याच्या मध्यापासून बाहेर, ओल्या स्पंजने थापटत. घासायचं नाही. झालं की काकूंना हसायला सांगा. हसल्यावर जिथे जास्तीचं फाउंडेशन रेषेत गोळा होतं तिथून कोरड्या स्पंजने उचलून घ्या. पावडर फक्त नाकाच्या बाजूला, कपाळावर, हनुवटीवर. मे महिन्यातलं लग्न असेल, हॉलच्या पंख्याला जोर नसेल, तर घाम येणारच. तेव्हा आधी टिश्यू दाबून घाम टिपा, मग चिमूटभर पावडर. घामावर पावडर टाकत राहिलात तर थर चढत जातात. चष्मा असेल तर नाकावरच्या त्या दोन खुणांवर फाउंडेशन अगदी पातळ ठेवा, नाहीतर चष्मा काढल्यावर दोन खड्डे दिसतात. ओठांना आधी पेन्सिल, म्हणजे लिपस्टिक बारीक रेषांतून बाहेर पाझरत नाही. गालाला क्रीम ब्लश. चमकी नको, विशेषतः पापणीवर नको.

काही आज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण असतं. नव्या मुली ते आधी झाकायला धावतात. कुणी सांगितलंय? विचारा. बहुतेक आज्या म्हणतील, राहू दे. ते त्यांचं आहे.

शेडबद्दल थोडं सविस्तर बोलावं लागेल, कारण इथेच तुमची खरी परीक्षा आहे. शेड गालावर किंवा मनगटावर जुळवायची नाही. जबड्यापासून मानेकडे तीन रेघा ओढा, खिडकीपाशी किंवा दाराबाहेर उजेडात न्या, दहा-पंधरा मिनिटं थांबा. काही फाउंडेशन हवेत थोडं गडद होतं, ते इथेच कळतं. जी रेघ दिसेनाशी होते ती शेड. चेहरा काळवंडलेला आणि मान उजळ असेल तर मधली छटा घ्या, आणि उरलेलं थोडं मानेवर, कानांवर उतरवा.

आणि मग ग्राहक म्हणते, "जरा गोरं कर गं." यावर माझं मत ठाम आहे. दोन शेड उजळ बेस लावू नका. सावळ्या त्वचेवर गुलाबट उजळ फाउंडेशन राखेसारखं दिसतं. फोटोत चेहरा एकीकडे, गळा दुसरीकडे. ‘फेअर अँड लव्हली’नेसुद्धा २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ केला, आपण अजून तिथेच का थांबलोय? तुम्ही म्हणाल, ग्राहक मागतो ते द्यायला नको का? द्या, पण ती खरं काय मागतेय ते ओळखा. तिला गोरं दिसायचं नसतं, तिला थकलेलं दिसायचं नसतं. डोळ्यांखाली करेक्टर, गालाला थोडा रंग, भुवयांना आकार एवढं करून आरसा दाखवा. बहुतेकदा ‘गोरं’ हा शब्द पुन्हा निघत नाही.

इथे एक गंभीर गोष्ट. नवरीच्या आईला लग्नाआधी महिनाभर ‘चेहरा उजळायला काहीतरी’ हवं असतं, आणि बाजारात कंपनीचं नाव नसलेल्या पांढऱ्या डब्यांत ‘फॉर्म्युला क्रीम’ मिळते. मार्जिन भरपूर. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एका कुटुंबाची बातमी आली होती. आई आणि दोन मुली, तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध लागला की त्या वापरत असलेल्या त्वचा उजळवण्याच्या क्रीममध्ये पारा होता. ती क्रीम स्थानिक ब्यूटिशियनकडून आल्याचं बातमीत होतं. पारा रंग तयार होणं रोखतो, म्हणून आठवड्यात फरक दिसतो आणि ग्राहक खूश होतो. किंमत मूत्रपिंड मोजतं. डब्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, वापरण्याची मुदत नसेल तर तो डबा तुमच्या दुकानात ठेवू नका. फाउंडेशनलाही हाच नियम. घाऊक बाजारात मोठ्या ब्रँडच्या नावाचं, निम्म्या किमतीचं ‘फर्स्ट कॉपी’ मिळतं. पन्नाशीच्या पातळ त्वचेवर त्याने खाज सुटली, चेहरा सुजला, तर गाव लहान आहे. चार दिवसांत सगळीकडे कळेल.

म्हणून किट छोटं पण खरं ठेवा. वीस शेडची गरज नाही. गव्हाळ ते सावळा या पट्ट्यातल्या चार बाटल्या घ्या, मधल्या छटा पॅलेटवर मिसळून करा. दुकानदार सर्वांत उजळ शेड ‘जास्त चालते’ म्हणून पुढे करेल, ती घेऊ नका, पडून राहील. अमेरिकेत २०१७ मध्ये रिहानाच्या फेंटी ब्यूटीने एकदम ४० शेड बाजारात आणल्या आणि त्यानंतर इतर कंपन्यांनाही गडद छटांकडे बघावं लागलं. आज आपल्याकडच्या साध्या ब्रँडमध्येही सावळ्या शेड मिळतात, फक्त मागाव्या लागतात. समजा ३० मिलीची बाटली ६०० रुपयांना पडली. पातळ थरात एका चेहऱ्याला एक मिली पुरतं. म्हणजे चेहऱ्यामागे फाउंडेशनचा खर्च २० रुपये. या २० रुपयांत पाच वाचवायला नकली माल घेणाऱ्या बाईला व्यवसाय कळलेला नाही, असं मी म्हणेन.

बाटलीवर उघड्या डबीचं चिन्ह आणि ‘१२ महिने’ अशा अर्थाचा आकडा असतो. उघडल्याची तारीख पेनाने बाटलीवर लिहा. आपला सीझन तुळशीच्या लग्नापासून आषाढी एकादशीपर्यंत, मधले चार महिने माल पडून असतो, हे धरूनच खरेदी करा. बाटलीतून थेट चेहऱ्यावर नाही, आधी पॅलेटवर. प्रत्येकीला धुतलेला स्पंज. एअरब्रश मशीनसाठी सुरुवातीलाच कर्ज काढू नका. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, ते मिळतंय म्हणून मशीनवर घालायचं नसतं. त्या पैशात चांगला दिवा, आरसा, खरा माल आणि सहा महिन्यांचा प्रवासखर्च निघतो.

"पण मॅडम, मोठ्या बायका पैसे देत नाहीत." हे मी प्रत्येक बॅचला ऐकते. त्या देत नाहीत कारण आपण मागत नाही. बाई पहिल्यांदा म्हणणारच, "मला कशाला या वयात? पोरीचं बघा." त्यावर "काकू, दहा वर्षांनी तरुण दिसाल" असं म्हणू नका. त्यांना ते खोटं वाटतं, आणि चार बायकांत लाजही वाटते. "मावशी, फोटो कायमचे राहतात. रात्रभर जागलात ते चेहऱ्यावर दिसणार नाही एवढंच करू," असं म्हणा. एखादी आई विधवा असेल तर तिला तिच्या बाजूला बसून हळूच विचारा. तिला नको असेल तर आग्रह नाही, हवं असेल तर बायकांच्या घोळक्यात नको, दार लावून. मेकअप काय करायचा हे ती ठरवेल, जाऊबाई नाही.

पैसे सहसा लेक देते, हे लक्षात ठेवा. नोकरीला जाणारी नवरी आईसाठी दीड हजार आनंदाने देते, पण तिला तो पर्याय रेट कार्डवर दिसला पाहिजे. ‘फॅमिली मेकअप’ असं मोघम नको. ‘नवरीची आई’, ‘वरमाई’, ‘आजी, आत्या, मावशी’ अशा वेगळ्या ओळी आणि समोर आकडा. नवरी ट्रायलला येते तेव्हा "येताना आईला घेऊन या" म्हणायचं. आई स्वतःहून ट्रायलला कधीच येणार नाही. आली की जबड्यावर शेड जुळवा आणि कानामागे थोडं फाउंडेशन लावून एक दिवस ठेवायला सांगा. खाज आली तर फोन करा. शेडचं नाव वहीत लिहून ठेवा, म्हणजे हळदीच्या दुसऱ्या दिवशी पिवळ्या चेहऱ्यावर अंदाज बांधायची वेळ येत नाही.

आणि या कामाला ‘हौस’ म्हणू नका, घरच्यांनाही म्हणू देऊ नका. मुंबईच्या सिनेसृष्टीत मेकअप आर्टिस्टचं कार्ड संघटना फक्त पुरुषांना द्यायची, बायकांना फक्त हेअर ड्रेसरचं. चारू खुराना यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयाने ती बंदी बेकायदा ठरवली. पुरुषांनी इतकी वर्षं जो धंदा स्वतःकडे राखून ठेवला, तो तुम्ही एका ओळीत ‘फ्री’ लिहून टाकता, तेव्हा मला राग येतो.

तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी कल्याणच्या आर्टिस्टकडे नाही. तुम्ही शेवटपर्यंत थांबू शकता. पाठवणीला आई रडणारच. जाड बेसवरून अश्रू ओघळले की दोन पट्टे पडतात, आणि ते व्हिडिओत जातात. पातळ बेस असेल तर टिश्यूने टिपलं की काम झालं. म्हणून मस्कारा वॉटरप्रूफ, काजळ खालच्या कडेला अगदी थोडं, आणि आईच्या कमरेला रुमालाऐवजी घडी केलेले चार टिश्यू. करवलीला सांगून ठेवा, पुसायचं नाही, टिपायचं. ‘पाठवणीपर्यंत टचअप’ ही ओळ रेट कार्डवर टाका आणि तिचे ५०० रुपये वेगळे लावा. वाशिंदच्या हॉलवरून तुमचं घर दहा मिनिटांवर आहे, थांबायला तुमचं काही जात नाही.

पुढच्या व्हिडिओत ॲडव्हान्स किती घ्यायचा आणि तारीख पुढे ढकलली गेली तर तो परत द्यायचा का, यावर बोलू. तोपर्यंत घरातल्या कुणा पन्नाशीच्या बाईला खिडकीपाशी बसवा, तीन शेडच्या रेघा ओढा आणि पंधरा मिनिटं थांबून बघा कुठली नाहीशी होते.